देवगिरीच्या माथ्यावरून

यंदा सहामाही परीक्षेच्या आधीं आमच्या मराठीच्या बाईंनीं वर्गाला एक निबंध लिहावयास सांगितला होता. विषय होता, ‘मला पाहावेंसें वाटणारें स्थळ’. कोणीं काश्मीरचीं सरोवरें निवडलीं, कोणीं आग्र्याचा ताजमहाल, तर कोणीं कन्याकुमारीचा सूर्योदय. मीं मात्र एकदम फ्रान्स देश गांठला! शाळेच्या वाचनालयांत रंगीत चित्रांचें एक जाडजूड पुस्तक आहे. त्यांतील ल्वार नदीच्या खोऱ्याचीं चित्रें पाहून माझें मन अगदीं मोहून गेलें होतें. संथ वाहणारें विस्तीर्ण पात्र, उतारांवर ओळीनें लावलेल्या द्राक्षवेली, टेकड्यांच्या माथ्यावर उभे असलेले किल्ले व राजवाडे, आणि मऊ पांढऱ्या दगडांत खोदलेलीं थंडगार तळघरें! शिनों येथील ज्या किल्ल्यांत १४२९ सालीं जोन ऑफ आर्क ही शेतकऱ्याची मुलगी राजपुत्र चार्ल्स यास भेटावयास गेली, त्याच्या तटावरून दिसणाऱ्या देखाव्याचें वर्णन तर मीं न पाहतांच दोन पानें भरून केलें.

निबंधाला गुण चांगले मिळाले, परंतु शेवटीं बाईंनीं तांबड्या शाईनें एक ओळ लिहिली होती, “देवगिरीच्या माथ्यावर तूं आजपर्यंत किती वेळां गेलास?”

ती ओळ वाचून माझी मान खालीं गेली. प्रश्नाचें खरें उत्तर ‘एकदांहि नाहीं’ असें होतें. दुसऱ्या एखाद्या मुलानें असें उत्तर दिलें असतें, तर एक वेळ शोभलें असतें; परंतु माझ्या आजोबांचा मळा दौलताबादच्या किल्ल्यापासून अर्ध्या कोसावर आहे. लहानपणापासून प्रत्येक उन्हाळ्याची सुटी मीं तेथें घालविली. विहिरीवर तोंड धुतांना समोर किल्ला, जेवतांना समोर किल्ला, रात्रीं अंगणांत निजलों तरी चांदण्यांत किल्लाच! घरच्या भिंतीकडे जसें कोणी निरखून पाहत नाहीं, तसा मीही त्याच्याकडे पाहत नसें. ‘काखेंत कळसा आणि गांवाला वळसा’ ही म्हण मीं परीक्षेसाठीं कित्येकदां पाठ केली होती; ती माझ्याविषयींच आहे, हें त्या दिवशीं समजलें.

मधल्या सुटींत मी बाईंना भेटलों. त्या रागावल्या नाहींत. हसून म्हणाल्या, “अरे, तुझ्या त्या फ्रान्समधून थेव्हनो नांवाचा एक प्रवासी १६६६-६७ सालीं आपल्या देशांत हिंडत होता. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जातांना त्यानें आपलें हें शहर, दौलताबादचा किल्ला आणि वेरूळचीं लेणीं यांविषयीं लिहून ठेवलें. त्याला समुद्र ओलांडून येतां आलें, आणि तुला पंधरा किलोमीटर ओलांडवत नाहींत होय?”

त्याच सुमारास आमच्या घरांत एक दुसरा विषय चालू होता, आणि तो निबंधाच्या विषयाहून फार कठीण होता. मळा ठेवावा कीं विकावा, हा तो विषय.

द्राक्षें आमच्या या दरींत कांहीं आजचीं नाहींत. महंमद तुघलकानें १३२७ सालीं दिल्लीची राजधानी देवगिरीस आणून तिचें नांव दौलताबाद ठेवलें, तेव्हां त्या लोकांबरोबर द्राक्षवेलीहि दक्षिणेंत आल्या, असें सांगतात. त्याच शतकांत मोरोक्कोहून आलेला प्रवासी इब्न बतूता यानें, दौलताबादेस द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां फळतात, असें नमूद केलें आहे. ल्वारच्या खोऱ्यांत द्राक्षांचें मद्य होतें. आमच्या दरींतील द्राक्षें मात्र टोपल्यांतून बाजारांत आणि बाजारांतून मुलांच्या हातांत जात. आजोबांच्या लहानपणीं त्यांच्या वडिलांनीं पांगाऱ्याच्या खुंटांवर काळ्या हबशी द्राक्षांचे वेल चढविले होते. १९७२ च्या दुष्काळांत ते वाळून गेले. पुढें आजोबांनीं तारांचा मंडप घालून नवी बाग उभी केली. २०१५-१६ च्या दुष्काळांत तिच्यासाठीं टँकरनें पाणी विकत आणलें, एकामागून एक दोन बोअर घेतल्या; परंतु दोहोंपैकीं एकीलाहि पाणी लागलें नाहीं. बाग गेली आणि कर्ज उरलें. तीन एकरांच्या मळ्यांत विहिरीजवळचे अकरा वेल तेवढे जगले. बाबा वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत कामास जाऊं लागले. इकडे रस्त्याकडेच्या जमिनींना भाव आला, आणि एक गिऱ्हाईक आमच्या दारीं वरचेवर फेऱ्या घालूं लागलें.

दुःखाची गोष्ट अशी कीं, या विषयावर घरांत कधीं बोलणेंच होत नसे. विषय निघाला कीं आजोबा उठून बाहेर जात. बाबा कागदपत्रांची पिशवी कपाटावर टाकून देत. आई दोघांच्या ताटांत मुकाट्यानें वाढीत असे. 

एके दिवशीं शाळेंत सकाळच्या नीतिपाठाच्या तासाला आम्हांला पवित्र शास्त्रांतील नाबोथाची गोष्ट सांगण्यांत आली. राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. अहाब राजानें त्याबद्दल पैसा देऊं केला, दुसरा चांगला मळा देऊं केला. परंतु वाडवडिलांचें वतन मी देणार नाहीं, असें त्यानें राजाला स्पष्ट सांगितलें, आणि त्यापायीं तो प्राणांस मुकला. त्या रात्रीं जेवतांना मीं ती गोष्ट मोठ्या आवेशानें घरीं सांगितली. बाबांच्या हातांतला घांस हातांतच राहिला. आजोबा कांहीं वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, “नाबोथाच्या विहिरीला पाणी असेल, बाळ.”

यावर कोणालाच कांहीं बोलवेना. तेव्हां विषय बदलावा म्हणून मीं निबंधाची व बाईंच्या तांबड्या ओळीची हकीकत सांगितली. आजोबा पुष्कळ दिवसांनीं मोकळेपणानें हसले. म्हणाले, “बाईंचें खरें आहे. या रविवारीं आपण तिघेहि जाऊं. माझे गुडघे मला वर चढूं देणार नाहींत. मी खालीं दरवाजाशीं बसेन. तुम्ही दोघे वर जा, आणि आपला मळा वरून कसा दिसतो, तेवढें मला येऊन सांगा.” बाबांनीं नाहीं म्हटलें नाहीं.

आश्विनांतला तो रविवार होता. पाऊस नुकताच सरला होता आणि डोंगर हिरवेगार दिसत होते. एस्. टी.तून उतरतांच सीताफळांच्या व पेरूंच्या टोपल्या मांडून बसलेल्या बायांनीं आम्हांला हांका मारल्या. आतां या दरीची कीर्ति द्राक्षांपेक्षां सीताफळांचीच अधिक आहे.

यादव राजा भिल्लम यानें बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरी ही आपली राजधानी केली. सपाट मैदानांतून हा डोंगर सुमारें सहाशें फूट एकटाच वर उठला आहे, आणि त्याच्या खालच्या अंगाचा खडक चोहों बाजूंनीं असा उभा तासून काढला आहे कीं, पालीलाहि चढतांना विचार पडावा! भोंवतीं तटाच्या रांगा, लोखंडी अणकुचीदार खिळे ठोकलेले दरवाजे आणि दरवाजांमागें वळणावळणाच्या वाटा. शत्रूच्या हत्तीला धांव घेऊन दरवाजाला धडक देतां येऊं नये, म्हणून ही वळणें. आजोबांना पहिल्या दरवाजाच्या आंत सावलींतल्या एका कट्ट्यावर बसविलें, पाण्याची बाटली जवळ ठेवली, आणि आम्ही बापलेक पुढें निघालों.

पंधराव्या शतकांत बहामनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहा यानें उभारलेला चांद मिनार डाव्या-उजव्या पडक्या भिंतींमध्यें आजहि ताठ उभा आहे. त्याची उंची सुमारें दोनशें फूट आहे. वर चढल्यावर चिनी महाल लागतो. निळ्या लाद्यांचे थोडेसे तुकडे आतां त्याच्या भिंतीवर उरले आहेत. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशहा यास १६८७ सालीं राज्य गेल्यावर येथेंच कैदेंत ठेवलें होतें, आणि येथेंच त्याचा अंत झाला. एके काळीं ज्याच्या राज्यांत हिऱ्यांच्या खाणी होत्या, त्याला या चार भिंतींपलीकडे कांहीं उरलें नाहीं! ही कथा मीं बाबांना वाचून दाखविली. पण त्यांचें लक्ष नव्हतें. ते मागें वळून वळून खालच्या शेतांकडे पाहत होते.

पुढें खडकांत खोदलेला खोल खंदक आला. त्याच्यावरचा अरुंद पूल ओलांडला कीं ‘अंधारी’ सुरू होते. ही खडकांतून कोरून काढलेली वांकडीतिकडी भुयारी वाट आहे. आंत शिरतांच डोळ्यांपुढें काळोख पसरला, वटवाघळांचा उग्र वास आला, आणि कोठें पायरी आहे व कोठें नाहीं, तें पायालाच चांचपून पाहावें लागलें. शत्रु येथपर्यंत आलाच, तर वरच्या तोंडाशीं विस्तव पेटवून भुयारांत धूर कोंडण्याची सोय होती, असें सांगतात. बाबांनीं एका हातांत बॅटरी धरली आणि दुसऱ्या हातानें माझा हात धरला. मी नववींत आहें. तरी त्या वेळीं मीं माझा हात सोडवून घेतला नाहीं.

भुयारांतून बाहेर पडल्यावर पुष्कळ पायऱ्या चढून आम्ही बारादरीपाशीं पोहोंचलों. ही इमारत मोगल काळांतील आहे. तिच्या सज्जांत उभें राहिलों, आणि माझ्या निबंधांतलीं तीं दोन पानें मला अगदींच फिकीं वाटूं लागलीं. खालीं चांद मिनार मुलाच्या खेळण्याएवढा दिसत होता. तटाच्या रेषा एकींत एक गुंतलेल्या; त्यांच्यापलीकडे पिवळे-हिरवे शेतांचे तुकडे; उत्तरेस खुलताबादकडे चढत जाणारा घाटाचा रस्ता; आणि सर्व बाजूंनीं ढगांच्या सावल्या अंगावर घेतलेले डोंगर. वारा इतका होता कीं टोपी हातानें धरून ठेवावी लागली.

“तो बघ,” बाबा एकाएकीं म्हणाले. “मिनाराच्या डावीकडून रस्ता धर. चिंच सोड. पुढें एक गोल काळा ठिपका आहे ना? तो आपल्या विहिरीवरचा आंबा.”

मीं पुष्कळ वेळ शोधलें, तेव्हां कोठें तो ठिपका मला सांपडला. हाताच्या नखाआड सहज झांकला जाईल एवढासा तो मळा! “एवढासाच?” मी म्हणालों.

“वरून एवढासाच,” बाबा म्हणाले, आणि कठड्याला टेकून उभे राहिले. दहावी झाल्यानंतर ते येथें कधीं चढले नव्हते, हें त्यांनीं तेव्हां सांगितलें.

सहल म्हणून मीं पुस्तकांतून थोडा इतिहास टिपून नेला होता. बाबा गप्प झालेले पाहून मीं तो वाचावयास सुरुवात केली. १२९६ सालीं अलाउद्दीन खलजी अचानक देवगिरीवर चालून आला. राजा रामदेवराव किल्ल्यांत शिरला. कोंकणांतून आलेले कांहीं व्यापारी धांदलींत आपलीं पोतीं टाकून पळाले होते. तीं धान्याचीं समजून राजाच्या लोकांनीं वर चढविलीं. आतां वेढा कितीहि दिवस चालो, अन्नाची चिंता नाहीं, असें सर्वांस वाटलें. पुढें पोतीं उघडलीं, तों आंत मीठ! मग तह करण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. फरिश्ता या इतिहासकारानें ही हकीकत दिली आहे.

बाबांनीं विचारलें, “पोतीं आधीं कोणीं उघडून पाहिलीं नाहींत?”

“नाहीं.”

“म्हणजे एवढा दीडशें फुटांचा तासलेला कडा, एवढे दरवाजे, एवढी अंधारी, आणि घरांत पोत्यांत काय आहे, तेंच कोणाला ठाऊक नाहीं!” असें म्हणून ते एकटेच हसले, पण तें हसणें आनंदाचें नव्हतें. थोड्या वेळानें म्हणाले, “आपल्या कपाटावरची ती पिशवी मीं दोन वर्षांत उघडलेली नाहीं.”

माथ्यावर पोहोंचलों, तेव्हां ऊन्ह चढलें होतें. वर एक मोठी तोफ आहे, आणि जवळच जनार्दनस्वामींचें स्थान आहे. हे जनार्दनस्वामी देवगिरीस अधिकारी होते, आणि पैठणचे एकनाथ महाराज लहानपणीं त्यांच्यापाशीं शिकावयास व सेवेस राहिले होते. हिशेबांत एका पैची चूक येत होती, ती शोधण्यासाठीं नाथांनीं रात्रभर दिव्याशीं बसून वह्या चाळल्या, आणि चूक सांपडतांच त्यांनीं आनंदानें टाळी वाजविली, ही गोष्ट आपण सर्वांनींच पाठ्यपुस्तकांत वाचली आहे. ती याच डोंगरावर घडली, हें मात्र माझ्या ध्यानांत कधीं आलें नव्हतें. बाबांनीं तेथें हात जोडले व ते नेहमींपेक्षां अधिक वेळ उभे राहिले.

खालीं आलों, तों आजोबा कट्ट्यावर आमची वाट पाहत ताटकळत बसले होते.

“दिसला का रे मळा?”

“दिसला, आबा,” बाबा म्हणाले.

“विहीर?”

“विहीर दिसली नाहीं, आंब्याखालीं झांकली आहे. आंबा दिसला.”

“आणि वेल?”

बाबा क्षणभर थांबले. “एवढ्या उंचावरून वेल कसे दिसतील? पण जागा ओळखूं आली.” मग आजोबांच्या शेजारीं बसून ते हळूच म्हणाले, “आज रात्रीं ते सगळे कागद काढूं. तुम्ही जवळ बसा. उठून जाऊं नका.”

आजोबांनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. हातांतलें सीताफळ फोडून त्यांनीं अर्धें बाबांना दिलें.

दिवस बराच शिल्लक होता, म्हणून आम्ही घाट चढून खुलताबादेस गेलों. घाटांतून मागें पाहिलें, कीं देवगिरी एखाद्या ध्यानस्थ बैठकींतल्या पुरुषासारखा दिसतो. खुलताबादेस औरंगजेब बादशहाची उघड्या आकाशाखालची साधी कबर आहे, तशीच मलिक अंबर याचीहि कबर आहे. १६२६ सालीं तो वारला. ज्यानें खडकी गांवाचें शहर केलें, तेंच पुढें औरंगाबाद झालें व आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखलें जातें, तोच हा मलिक अंबर. डोंगरांत मुरलेलें पाणी जमिनीखालच्या नहरींतून त्यानें आपल्या शहराला आणलें. आजोबा त्या कबरीपुढें उभे राहून म्हणाले, “या माणसाला पाण्याची किंमत ठाऊक होती.” वेरूळ मात्र त्या दिवशीं राहून गेलें, थेव्हनोची बरोबरी करण्यास मला अजून एक फेरी घालावी लागेल.

त्या रात्रीं आमच्या घरांत पिशवी उघडली. आजोबा उठून गेले नाहींत. बाबा एकेक कागद वाचीत होते व मी माझ्या वहींत आंकडे मांडीत होतों. थोड्या वेळानें आईहि आंत जाऊन आपल्या बचत गटाचें पासबुक घेऊन आली. त्यांतील शिल्लक आमच्यापैकीं कोणालाच ठाऊक नव्हती. एके ठिकाणीं माझी बेरीज चुकली, ती आजोबांनीं तोंडींच पकडली. ती चूक एका पैची नव्हती, चांगली सातशें रुपयांची होती! बारा वाजतां शेवटची रेघ ओढली. कर्ज मोठें होतें. परंतु प्रत्येकजण मनांतल्या मनांत जेवढें समजून भीत होता, तेवढें मोठें नव्हतें. सगळा मळा विकण्याची गरज नव्हती, आणि सगळा मळा राखणेंहि शक्य नव्हतें.

रस्त्याकडेचे दोन एकर मार्गशीर्षांत विकले गेले. त्या दिवशीं आजोबा जेवले नाहींत, हें येथें लिहिलें पाहिजे. कारण गोष्टींतल्याप्रमाणें सर्व कांहीं गोड झालें, असें सांगणें खोटें होईल. विहीर, आंबा आणि अकरा वेल यांचा एक एकर मात्र आमचा राहिला, आणि कपाटावर आतां पिशवी नाहीं.

सहलीनंतरच्याच आठवड्यांत आजोबांनीं मला वेलांची छाटणी शिकविली. आपल्याकडे वेल वर्षांतून दोनदां छाटतात, एकदां उन्हाळ्यांत व एकदां पावसाळा सरल्यावर, आणि पीक मात्र एकदांच घेतात. फ्रान्समधले वेल हिवाळ्यांत पानें टाकून झोंपीं जातात. आमच्या वेलांना अशी लांब झोंप मिळत नाहीं, म्हणून त्यांना कात्रीनेंच जागें करावें लागतें. कोणत्या काडीवर किती डोळे ठेवावयाचे, तें आजोबा बोट लावून दाखवीत, आणि माझा हात कचरला कीं म्हणत, “काप. भिऊं नकोस. पण आधीं नीट पाहा, आणि मग काप.” हा लेख लिहीत असतां त्या वेलांना घड लागले आहेत. छाटलेल्या काड्यांपैकीं दोन आणून मीं आपल्या शाळेच्या आवारांत नळाजवळ लावल्या होत्या. एक वाळली, दुसरीला पालवी फुटली आहे. येतां-जातां तिला ओंजळभर पाणी घालावें, अशी माझी सर्व वर्गबंधूंना व भगिनींना विनंति आहे.

ल्वार नदीचें खोरें पाहण्याची माझी इच्छा गेलेली नाहीं. ईश्वरकृपेनें कधीं योग आला, तर शिनोंच्या तटावर उभा राहून मी तेथील द्राक्षमळे अवश्य पाहीन. परंतु तेथला कोणी माणूस मला विचारील, “तुमच्या गांवीं पाहण्यासारखें काय आहे?” तेव्हां मला मान खालीं घालावी लागणार नाहीं. 

वाचक बंधुभगिनींनो, आपल्यापैकीं पुष्कळांनीं देवगिरी खालूनच पाहिला असेल. सुटींत एकदां वर चढून जा, आणि शक्य झाल्यास घरांतील वडील माणसांना बरोबर घेऊन जा. माथ्यावरून आपलें घर कोठें आहे, तें शोधा. तें फार लहान दिसेल. त्या घरांत एखादें पोतें न उघडतां तसेंच पडलें असेल, तर खालीं येतांच तें सर्वांनीं मिळून उघडा. बाईंच्या त्या तांबड्या ओळीचें उत्तर आतां मी असें देतों: “बाई, एकदां गेलों, आणि पुन्हां जाणार आहें.”